शोकसभेनंतरचं काम

नमस्कार श्रोतेहो.

आपलं सोलापूरचं विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ ला सुरू झालं. त्याआधी आपली महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. आपल्या विद्यापीठाचं कार्यक्षेत्र एका जिल्ह्यापुरतंच आहे. त्यामुळे पंढरपूरचे सर आणि अक्कलकोटच्या मॅडम एकमेकांना नावानं ओळखतात, पेपर तपासायला शेजारी बसतात, डबा वाटून खातात. कुणी गेलं, तर ते दुःख एका कॉलेजचं राहत नाही. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, कोरोनाच्या लाटेत, तर शोकसभाही मोबाईलवरच घ्याव्या लागल्या. गेलेल्याच्या घरी जाऊन बसताही आलं नाही. ते बोलायचं राहूनच गेलंय, म्हणून आज हा विषय घेतला.

शोकसभा कशी होते, ते तुम्हाला ठाऊक आहे. फोटोला हार, मग परिचय. जन्म कुठला, पदव्या कोणत्या, शोधनिबंध किती, कोणकोणत्या समितीवर होते. मग दोन मिनिटं स्तब्धता. ती दोन मिनिटं पुरती भरू द्या हो, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. अर्ध्या मिनिटात खुर्च्या वाजायला लागतात. या सगळ्यात माणूस रोज काय करत होता, ते मात्र येत नाही. पुन्हा सांगते, माणूस रोज काय करत होता, ते सांगा.

मी मराठी शिकवत असे त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे एक सर होते. त्यांचा जीव गवतावर. आणि त्यांच्या प्रयोगशाळेत एक परिचर होते, त्यांना सगळं कॉलेज मामा म्हणायचं. रविवार आला की हे दोघं एसटीनं बार्शी रोडला नान्नजच्या बाजूला जायचे. माळढोक अभयारण्याच्या आत नाही, बाहेरच्या माळावर. तिथून पवन्या, मारवेल, कुसळी, असं काय काय मुळासकट आणायचे. सोमवारी मामा खुर्चीवर बसून पँटच्या पायांतली कुसळं एकेक करून उपटत असायचे.

आता माळाचा विषय निघालाच आहे, तर सांगते. माळाला पडीक जमीन म्हणू नका, आणि वृक्षारोपण म्हणून तिथं खड्डे घ्यायला तर मुळीच जाऊ नका. गवत हेच तिथलं धन आहे. माळढोकाला झाडी नको असते, उघडं रान लागतं.

तर, आणलेलं गवत जुन्या ‘संचार’ वर्तमानपत्राच्या घड्यांत पसरून वर वजन ठेवायचं. सुरुवातीला रोज कागद बदलायचे, नाहीतर बुरशी धरते. कागद बदलायचं काम मामांचं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ते येऊन कागद बदलून जायचे. नीट सुकलं की सर ते जाड कागदावर चिकटवायचे आणि उजव्या कोपऱ्यात खाली चिठ्ठी लावायचे. चिठ्ठीवर गवताचं शास्त्रीय नाव, कुळ, ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव, सगळं इंग्रजीत.

सर गेले अचानक, नोकरीत असतानाच. रीतसर शोकसभा झाली. पुढं उन्हाळ्यात त्यांच्या खोलीला रंग द्यायचा निघाला, तेव्हा कुणीतरी ते गठ्ठे उचलून व्हरांड्यात ठेवले आणि रद्दीवाल्याला बोलावलं. त्यानं तराजूही लावला होता. मामा धावत आले आणि सरळ गठ्ठ्यावर बसले. म्हणाले, “ही रद्दी न्हाई, सरांचं गवत हाय. हात लावू नका.” उठेचनात.

सरांची एक विद्यार्थिनी होती, संशोधन अर्धवट राहिलेली. तिनं आणि मामांनी मिळून ते गठ्ठे सोडले. ती चिठ्ठ्या वाचत होती, मामा डांबरगोळ्या ठेवत होते. एका कागदाशी ती थांबली. म्हणाली, “मामा, गोळा करणारे म्हणून सरांच्या नावापुढं तुमचंपण नाव आहे. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.” मामा म्हणाले, “परत वाच.” तिनं परत वाचलं. मग पुढचा कागद. त्यावरही होतं. नान्नजच्या प्रत्येक कागदावर होतं. इतकी वर्षं ते कागद मामांच्या हातांखालून गेले होते, आणि सरांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

पुढं मामाही गेले. फळ्यावर सूचना लागली, तेवढीच. परिचरासाठी सभा घ्यायची रीत नव्हती. त्या मुलीनं ती घ्यायला लावली. बोलायला उभी राहिली तेव्हा तिच्या हातात एक कागद होता. तिनं फक्त चिठ्ठी वाचली, नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणारे. शिपाई, क्लार्क, प्राचार्य, सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी.

वेळ थोडा उरलाय, म्हणून कामाचं तेवढं सांगते. मार्गदर्शक गेले, तर पीएच. डी.च्या विद्यार्थ्याला दुसरे मार्गदर्शक मिळू शकतात, अर्ज मात्र लवकर करा. घरच्यांना सेवापुस्तक, भविष्य निर्वाह निधी, उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी, नामनिर्देशन यांतलं काहीच माहीत नसतं. सहकाऱ्यांनी आपणहून घरी जावं, कागद भरून द्यावेत. आणि तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या हिशेबानं मानधन घेऊन, शिकवणारी आपली मुलं-मुली आहेत, त्यांच्या घरच्यांना यातलं काही मिळत नाही. शिकवतात तेच वर्ग, तपासतात तेच पेपर. हा अन्याय आहे, आणि मी तो रेडिओवरून म्हणते आहे.

तुमच्या घरी गेलेल्या शिक्षकाच्या वह्या, नमुने, टिपणं असतील, तर रद्दीत घालण्याआधी त्या विभागाला एक फोन करा. पुन्हा सांगते, आधी फोन करा. आणि प्रयोगशाळेतल्या मामांनाही विचारा, कशात काय आहे ते त्यांना माहीत असतं.

नमस्कार.