पिओरियात चालेल का?

इलिनॉय नदी इथे इतकी पसरते की लोक तिला तळंच म्हणतात. काठावरचं हे पिओरिया. समोरचा लोखंडी पूल १९५८चा.

या गावाच्या नावाने अमेरिकेत एक प्रश्न विचारतात: ‘हे पिओरियात चालेल का?’ म्हणजे, न्यूयॉर्कने डोक्यावर घेतलं, ठीक. पण चारचौघांना आवडेल का?

‘चालेल’ हा शब्द रंगमंचावरचाच. नाटक चाललं, नाटक पडलं, असं आपणही म्हणतो. हा प्रश्न वॉडव्हिलच्या, म्हणजे विविध करमणुकीच्या फिरत्या खेळांच्या, कलावंतांचा, असं मानतात. मेन स्ट्रीटवर तेव्हा त्यांची थिएटरं होती. एकाच खेळात गाणारी, कसरतवाले, जादूगार, नकलाकार, शिकवलेली कुत्रीसुद्धा. प्रत्येकाच्या वाट्याला दहा-पंधरा मिनिटं. पेट्या आगगाडीत टाकायच्या, खेळ संपला की पुढचं गाव गाठायचं. नवा विनोद आधी अशा गावांत घासूनपुसून घ्यायचा. एखाद्या जागी हशा आला नाही, तर दुसऱ्या खेळाला ते वाक्य बदललेलं असायचं. पिओरियाचा प्रेक्षक सहजासहजी हसत नाही, अशी त्याची ख्याती. मला या प्रश्नात कलावंताची धास्ती ऐकू येते, आणि प्रेक्षकाबद्दलचा आदरही.

पुढे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे सल्लागार जॉन अर्लिकमन यांनी हा प्रश्न राजकारणात रुळवला. पिओरिया म्हणजे सामान्य मतदार, असा अर्थ झाला. कंपन्या तर त्याआधीपासूनच नवा माल इथे आजमावत होत्या. १९६१ मध्ये बाळांचे पॅम्पर्स डायपर पहिल्यांदा इथे विकायला ठेवले. एका नगाला १० सेंट. आयांना वस्तू पसंत पडली, किंमत नाही. कंपनीला ती उतरवावी लागली. इथला ग्राहक मान डोलवत नाही, तो हिशेब करतो.

आणि ज्यांना पिओरिया म्हणजे बिनचेहऱ्याचं गाव वाटतं, त्यांनी या पुतळ्यासमोर उभं राहावं. ब्राँझमधला हा रिचर्ड प्रायर. जन्म १९४०, पिओरिया. आजीच्या कुंटणखान्यात वाढलेला हा कृष्णवर्णीय मुलगा पुढे अख्ख्या देशाला हसवू लागला. तो कुठल्या सरासरीत बसवायचा?

वॉडव्हिल सिनेमाने संपवलं. माती उपसायची अवजड यंत्रं बनवणाऱ्या कॅटरपिलर कंपनीचं मुख्यालयही गावातून गेलं.

हे पिओरिया प्लेयर्स. इथल्या हौशी मंडळींनी १९१९ मध्ये उभी केलेली नाटकसंस्था. अजून चालते.