जॉन प्राइन: टपाल वाटता वाटता गाणी रचणारा माणूस

नमस्कार मंडळी! शिकागोजवळच्या मेवूडमध्ये, १९६०च्या दशकाच्या अखेरीस, एक तरुण पोस्टमन टपाल वाटत फिरायचा आणि चालता चालता गाणी रचायचा. त्याचं नाव जॉन प्राइन, जन्म १९४६चा.

वारा झोंबायला लागला की तो रस्त्याकडेच्या मोठ्या टपालपेटीत शिरून सँडविच खायचा. 'हेलो इन देअर' या गाण्याचा काही भाग त्याने तिथे बसून लिहिला. विषय म्हातारपणीच्या एकटेपणाचा. लहानपणी तो एका वृद्धाश्रमात पेपर टाकायला जायचा. तिथले काही आजी-आजोबा असं भासवायचे, की हा आपला नातूच भेटायला आलाय! पोराने ते टिपून ठेवलं आणि विशीत त्याचं गाणं केलं. त्या गाण्यात कीव कुठेच नाही. जाता-येता थांबा, त्यांच्याशी दोन शब्द बोला, एवढंच मागणं आहे. म्हणूनच ते मला इतकं मोठं वाटतं.

१९७० साली तो शिकागोच्या 'फिफ्थ पेग' क्लबात गायला लागला. सिनेसमीक्षक रॉजर ईबर्टनी त्याला ऐकलं आणि थेट वर्तमानपत्रात लिहिलं. पुढे गायक मित्र स्टीव्ह गुडमनमुळे प्रसिद्ध गायक-गीतकार क्रिस क्रिस्टॉफरसननी त्याला ऐकलं, आणि १९७१मध्ये पहिला अल्बम आला. त्यात 'सॅम स्टोन' आहे: व्हिएतनामहून हेरॉइनचं व्यसन घेऊन परतलेला सैनिक आणि ते घरातून बघणारी त्याची मुलं. वडिलांसाठी लिहिलेलं 'पॅराडाइज'ही त्यातच. आई-वडील मूळचे केंटकीचे. तिथलं पॅराडाइज हे गाव कोळशाच्या खाणी आणि वीजकेंद्रापायी नकाशावरून पुसलं गेलं.

१९८०च्या दशकात मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांना रामराम ठोकून त्याने स्वतःची 'ओह बॉय रेकॉर्ड्स' काढली. स्वतःच्या कंपनीच्या जोरावर ग्रॅमीही मिळवलं.

१९९८मध्ये मानेचा कॅन्सर झाला. शस्त्रक्रिया आणि रेडिएशननंतर आवाज खाली उतरला, खरखरीत झाला. तरी तो पुन्हा स्टेजवर उभा राहिला. मला विचाराल तर हाच आवाज त्या जुन्या गाण्यांना जास्त शोभतो. विशीतल्या पोराने लिहिलेलं म्हातारपण आता खुद्द म्हातारा गात होता!

७ एप्रिल २०२० रोजी, वयाच्या ७३व्या वर्षी, नॅशव्हिलमध्ये कोविडने त्याला नेलं.

ऐकायची सुरुवात १९७१च्या अल्बमपासून करा. लगेच २०१८चा 'द ट्री ऑफ फर्गिव्हनेस' लावा. आणि कुठल्या आवाजातला जॉन जास्त भावला, ते खाली नक्की लिहा.