झोपाळू रेडिओ

अमरावती जिल्ह्यातील वरुड तालुक्यातल्या या संत्र्याच्या बागेला आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, ताण दिलेला आहे. ओलित थांबवल्यावर काळी माती किती सुकली आणि ताण नेमका कधी तोडावा, हे आजवर मूठभर माती उकरून, तळहातावर दाबून ठरवले जात असे. आता धुऱ्यावरच्या खांबाला ही पांढरी पेटी लावलेली आहे. तिची तार मुळांपाशी पुरलेल्या ओलावामापकापर्यंत जाते, आणि दर 15 मिनिटांनी ती पेटी ओलाव्याचा आकडा गावातल्या घराच्या गच्चीवर बसवलेल्या यंत्राला कळवते. खांबापर्यंत विजेची लाइन नाही, पेटीत मोबाइलचे सिमही नाही. आत एक सेल आणि 6 मिलिमीटर लांबी-रुंदीची एक चिप आहे.

सेमटेक कंपनीची ही एसएक्स1276 चिप संदेश पाठवते आणि ऐकतेही, म्हणून तिला ट्रान्सीव्हर म्हणतात. क्षीण लहरी वाढवणारा प्रवर्धक, वारंवारता निर्माण करणारे मंडल आणि संदेश उलगडणारी यंत्रणा हे सारे एकाच सिलिकॉनवर बसलेले असून बाहेर एक क्रिस्टल, थोडी वेटोळी आणि धारित्रे व अँटेना एवढेच उरते.

या चिपचे खरे कसब मात्र तिच्या झोपेत आहे. ऐकण्यात काही खर्च होत नसावा, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात कान उघडे ठेवले की ती सुमारे 11 मिलिअँपिअर प्रवाह घेते, आणि 2,400 मिलिअँपिअर-तासांचा सेल नऊ दिवसांत संपतो. झोपेत हाच प्रवाह 0.2 मायक्रोअँपिअरवर, म्हणजे पन्नास हजारांहून अधिक पटींनी खाली येतो. 20 मिलिवॅट शक्तीने बोलताना तिला 29 मिलिअँपिअर लागतात. पण एक संदेश 0.4 सेकंदाचा धरला, तर दिवसभरातले 96 संदेश चाळीस सेकंदांच्या आत आटोपतात आणि त्यांचा एकूण खर्च एका मिलिअँपिअर-तासाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच होतो. मग सेल किती वर्षे टिकेल, हे चिपपेक्षा ओलावामापकाच्या भुकेवर अधिक अवलंबून राहते.

संदेश जातो तो लोरा पद्धतीने: एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चढत जाणाऱ्या शिळेसारखी वारंवारता सरकत जाते. संदेश पाठवण्याचा वेग अगदी कमी ठेवला, तर भोवतालच्या गोंगाटापेक्षा शंभर पट क्षीण असलेली शीळही ओळखता येते. मात्र वेगाची एकेक पायरी उतरताना बोलण्याचा वेळ जवळजवळ दुप्पट होतो, आणि तेवढाच सेलवरचा भारही.

भारतात 865 ते 867 मेगाहर्ट्झ हा पट्टा 2005 पासून ठरावीक शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतो. संत्र्याच्या बागेला तो मानवतो, कारण बारमाही हिरव्या, पावसाने निथळणाऱ्या पानांतून 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी जितक्या शोषल्या जातात, तितक्या या शोषल्या जात नाहीत. तरीही जाहिरातीतले दहा किलोमीटर मोकळ्या माळाचे असतात. बागेत पेटी झाडाखाली न टांगता शेंड्यांच्या वर न्यावी लागते. तेथे मे महिन्याचे 45 अंशांचे ऊन सोसताना क्रिस्टल किंचित ढळतो. दशलक्षांत दहा भाग ढळला, तरी 866 मेगाहर्ट्झवर सुमारे पावणेनऊ किलोहर्ट्झचा फरक पडतो. 125 किलोहर्ट्झ रुंदीच्या लोरा संदेशाला तो चालतो, अरुंद पट्ट्याच्या रेडिओला तो सहज चुकवू शकतो.

ठिबकची झडप उघडायची झाली, तर अडचण वेगळीच येते. सेलवर चालणारी झडप सतत ऐकू शकत नाही. ती स्वतः बोलल्यानंतर क्षणभरच कान उघडते, त्यामुळे घरून दिलेली आज्ञा तिच्या पुढच्या जागेपणापर्यंत थांबून राहते. विहिरीवरच्या पंपापाशी वीज असते, म्हणून स्टार्टरमध्ये बसवलेली अशीच चिप अखंड ऐकत राहते. रात्रीची लाइन गेली, की तीही बहिरी होते.