डोळ्यामागची जागा

डिचोलीतलं घर, बाहेर धो धो पाऊस, आणि व्हरांड्यात काळू कुत्रा बसलाय. एक डोळा नीट, दुसरा बाहेर आलेला, आतल्या कोपऱ्यातली तिसरी पापणी अर्ध्यावर चढलेली. काकी सांगतात, कालपासून पेजेलासुद्धा तोंड लावत नाही हो.

डॉक्टर लगेच औषध काढत नाहीत. आधी डोक्याच्या वरून दोन्ही डोळे बघतात, कुठला किती पुढे आलाय ते वरूनच नीट कळतं. मग मिटलेल्या पापण्यांवर अंगठे ठेवून हलकेच दाबतात. जो डोळा मागे जात नाही त्याच्यामागे काहीतरी आहे. मग जबडा उघडला, आणि काळू असा केकाटला की काकींनी तोंड फिरवलं.

आपल्या डोळ्याच्या खोबणीला चारही बाजूंनी हाड असतं, कुत्र्या-मांजरांचं तसं नाही. बाहेरच्या कडेला हाडाऐवजी लिगामेंट, म्हणजे चिवट पट्टा, आणि खाली हाडाचा तळच नाही, नुसतं मांस. म्हणून तोंडात मागे काडी घुसली किंवा वरच्या दाढेचं मूळ सडलं की पू चढतो थेट डोळ्यामागे, आणि तोंड उघडताना जबड्याचं वरचं टोक त्याच जागेवर दाबतं.

पण डोळा हळूहळू, न दुखता पुढे येत असेल तर गाठीची शंका घ्यायची, आणि कुत्र्यांत खोबणीतल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या निघतात. तिथे सीटी स्कॅन केल्याशिवाय, सुईने सॅम्पल घेतल्याशिवाय चाकू लावायचाच नाही, मी हे अगदी कळकळीने सांगतोय. गाठीने हाड खाल्लंय का, डोळा वाचवायचा की काढायचा, गालाचं हाड कापून बाजूने शिरायचं का, हे सगळं टेबलावर घेण्याआधी ठरलेलं पाहिजे. ऑपरेशनमध्ये डोळा ओढला की हार्ट रेट पडू शकतो, त्याची तयारी वेगळी. आणि मांजर असेल तर अजून सांभाळून, तिची डोळ्याची नस आखूड असते, जोरात ओढली तर दुसऱ्या चांगल्या डोळ्याचीही नजर जाऊ शकते.

काळूचं दुखणं अचानक आलेलं, ताप होता, अल्ट्रासाउंडमध्ये पू दिसला. भूल दिली, शेवटच्या दाढेमागे छोटा छेद, बंद चिमटा हळूच आत, तिथे जरासा उघडायचा आणि उघडाच बाहेर काढायचा, आत मिटला तर चिमट्यात नस अडकेल. पू वाहिला, आणि त्याच्यामागून बांबूची बोटाच्या पेराएवढी काडी.

तिसऱ्या दिवशी काकींनी पेज निववून पुढे ठेवली. वाटी चाटूनपुसून साफ.