चिपवरचा ट्यून होणारा फिल्टर: कॉइलला पर्याय काय?

नमस्कार! स्क्रीनवरचा हा चिपचा फोटो नीट बघा. मधोमध गोल गोल फिरत गेलेली तार दिसतेय ना, तो इंडक्टर, म्हणजेच कॉइल. हवी ती फ्रिक्वेन्सी निवडणाऱ्या फिल्टरसाठी तो लागतो. त्या एकट्याच्या जागेत हजारो ट्रान्झिस्टर मावले असते.

आता हिशेब करू. 1 नॅनोहेन्रीचा इंडक्टर आणि 1 पिकोफॅराडचा कपॅसिटर जोडले की रेझोनन्स, म्हणजे फिल्टर निवडतो ती फ्रिक्वेन्सी, येतो साधारण 5 गिगाहर्ट्झला. तोच फिल्टर 2.5 वर आणायचाय? फ्रिक्वेन्सी कपॅसिटन्सच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणजे ती निम्मी करायला कपॅसिटन्स चौपट हवा. एकट्या व्हॅरॅक्टरला, म्हणजे व्होल्टेजने कपॅसिटन्स बदलणाऱ्या भागाला, हे सहसा झेपत नाही, म्हणून स्विच लावून कपॅसिटर जोडत जायचे. पण स्विच रुंद केला तर बंद असतानाही त्याचा स्वतःचा कपॅसिटन्स चिकटून राहतो. अरुंद केला तर रेझिस्टन्स वाढतो. या ओढाताणीतच माझे सगळ्यात जास्त दिवस जातात.

त्यात चिपवरच्या कॉइलचा क्यू समजा 10. क्यू म्हणजे फ्रिक्वेन्सी भागिले बँडविड्थ; तो जितका मोठा, तितका फिल्टरचा पट्टा अरुंद. मग 5 गिगाहर्ट्झला बँडविड्थ झाली 500 मेगाहर्ट्झ. आपल्याला हवाय 20 मेगाहर्ट्झचा चॅनेल, म्हणजे क्यू 250! ट्रान्झिस्टरची जोडी लावून निगेटिव्ह रेझिस्टन्सने, म्हणजे वाया गेलेली ऊर्जा परत पुरवून, कॉइलमधला लॉस भरून काढता येतो, पण नॉइज वाढतो, आणि जरा जास्त झालं की फिल्टरचा ऑसिलेटर होतो, म्हणजे तो स्वतःच सिग्नल काढू लागतो.

म्हणून मला एन-पाथ फिल्टर, म्हणजे आळीपाळीने चालणाऱ्या अनेक वाटांचा फिल्टर, मनापासून आवडतो. कल्पना जुनी आहे, फ्रँक्स आणि सँडबर्ग यांनी 1960 मध्ये मांडलेली. कॉइल नाहीच. चार कपॅसिटर, चार स्विच, आणि प्रत्येक स्विच क्लॉकच्या, म्हणजे ठरावीक ठेका देणाऱ्या सिग्नलच्या, पाव सायकलपुरता आळीपाळीने चालू. सिग्नल क्लॉकच्याच फ्रिक्वेन्सीचा असेल तर प्रत्येक कपॅसिटरला दर वेळी लाटेचा तोच तुकडा मिळतो आणि व्होल्टेज साठत जातं. फ्रिक्वेन्सी वेगळी असेल तर तुकडे एकमेकांना खोडतात. क्लॉक बदला, फिल्टर सरकला! बँडविड्थ मात्र रेझिस्टन्स आणि कपॅसिटन्सच ठरवतात.

फुकट काहीच नाही. चार पाथ असतील तर क्लॉकच्या तिसऱ्या आणि पाचव्या हार्मोनिकजवळचे, म्हणजे तिप्पट आणि पाचपट फ्रिक्वेन्सीजवळचे सिग्नल घडी पडून आपल्या बँडवर येतात, म्हणून या फिल्टरच्या आधी एक साधा फिल्टर लागतोच. शिवाय दोन स्विच क्षणभर जरी एकत्र चालू राहिले तरी शेजारचे कपॅसिटर आपला चार्ज आपसात वाटून टाकतात आणि लॉस वाढतो. म्हणून लेआउटला, म्हणजे चिपवर भाग आणि तारा मांडायला, बसले की मी आधी क्लॉकच्या चारही तारा सारख्या लांबीच्या ओढते, कपॅसिटर मागाहून.