जोतं तपासणारा जंतू

(आर्वी तालुक्यातल्या एका गावात, वाचनालयाच्या ओट्यावर नवतपात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

मंडळी, आत्ता इथं येताना एका भाऊंनी मला घरात नेऊन दोन पाकिटं दाखवली. एक सोयाबीनला लावायच्या रायझोबियम या जिवाणूचं, दुसरं बॅसिलस सबटिलिस या जिवाणूच्या भुकटीचं, मूळकूज आवरायला. दोन्ही टिनाच्या खोलीत, कुटाराच्या ढिगाला टेकून ठेवलेली. बाहेर 45 अंश, टिनाखाली किती असेल ते तुम्हीच सांगा. मी म्हटलं, पहिल्यातले जंतू बहुतेक गेले असतील, दुसऱ्यातले पुढच्या मृगापर्यंतही दम धरतील. ते म्हणाले, "काहून? दोन्ही जंतूच ना?"

आजचं व्याख्यान म्हणजे त्या 'काहून'चं उत्तर आहे. मी लिहून आणलेले कागद पिशवीतच राहू देतो.

रायझोबियम भुकटीत जिवंत पेशी म्हणून बसलेला असतो, अंगावर काही नाही. बॅसिलसचं खाणं संपलं की तो बीजाणू होतो, म्हणजे अंगावर जाड वेष्टनं चढवून झोपी गेलेली पेशी. 1876 साली फर्डिनांड कोन या शास्त्रज्ञाने गवताचा काढा उकळून पाहिला, तरी त्यात हा जंतू पुन्हा उगवला. त्याच वर्षी रॉबर्ट कॉखने काळपुळीच्या जंतूचा बीजाणू दाखवला. आपल्याकडे जनावरांना फऱ्या होतो, त्याचा जंतूही याच स्वभावाचा. मातीत वर्षानुवर्षं पडून राहतो. फऱ्याने मेलेलं ढोर जिथं पुरलं त्या धुऱ्याकडे म्हातारी माणसं गुरं वळू देत नाहीत, ते उगाच नाही. साध्या उकळण्याला असे बीजाणू दाद देत नाहीत. म्हणून प्रयोगशाळेत आम्ही दाबाखाली 121 अंशांवर 15 मिनिटं ठेवतो. मोठा कुकरच म्हणा.

आता हा बीजाणू बनतो कसा? पेशी स्वतःच्या एका टोकाला आडभिंत घालते. लहान भाग आणि मोठा भाग. मग मोठा भाग लहान्याला गिळून पोटात घेतो. मोठ्याला शास्त्रात मातृपेशीच म्हणतात, आणि नाव शोभतं, कारण सगळं सामान ती पुरवते आणि शेवटी स्वतः फुटून जाते. सात-आठ तासांचं काम.

पोटातल्या त्या पिल्लाभोवती दोन वेष्टनं चढतात. आतलं साखरेच्या साखळ्यांचं, पेप्टिडोग्लायकनचं. ही आपल्या चहातली साखर नव्हे. एन-ॲसिटिलग्लुकोसामाइन असं लांबलचक नाव आहे, बुरशीच्या भिंतीत आणि किड्याच्या टरफलातही तीच सापडते. बाहेरचं कवच प्रथिनांचं, 70 हून जास्त प्रकारची प्रथिनं थरावर थर. उष्णता झेलायला आतल्या वेष्टनाने गाभा कोरडा राखणं कामी येतं. बाहेरचं कवच रसायनांना आणि भिंत पचवणाऱ्या विकरांना अडवतं. बीजाणू टिकला म्हणजे सगळं श्रेय कवचाचं, असं बऱ्याच ठिकाणी सांगतात. ते अर्धवट आहे.

खरी गंमत या दोघांच्या मधे आहे. दोन्ही वेष्टनांच्या मधे एक पडदा आहे. कवच पडद्याच्या या बाजूला, साखरेची भिंत त्या बाजूला. तरी बाहेरच्या कवचाचा पाया नीट बसला नाही तर आतली भिंत उभीच राहत नाही. पलीकडे निरोप कोण देतं?

तुमच्यापैकी घरकुल कोणाकोणाला मिळालं? (बरेच हात वर होतात.) मग तुम्हाला समजावणं सोपं आहे. जोत्याचा फोटो चढल्याशिवाय पुढचा हप्ता येत नाही. बीजाणूत हा फोटो पाहणारा कारकून म्हणजे स्पो-सिक्स-डी नावाचं प्रथिन. नावं अशी गाडीच्या नंबरसारखीच असतात, मनावर घेऊ नका. जोतं म्हणजे स्पो-फोर-ए हे प्रथिन, एकमेकांना जोडून पडद्यावर अंथरलेलं. स्पो-सिक्स-डीच्या शेपटाला एक छोटा हात आहे, त्याला लायसएम म्हणतात, आणि साखर धरणं हे त्याचं कामच. जोतं नीट जमलं की हा हात झाकला जातो. जमलं नाही तर हात मोकळा राहतो.

मोकळा हात काय करतो? आतल्या भिंतीची एकेक वीट मातृपेशीत तयार होऊन पडद्यातून पलीकडे जाते. या विटेचं नाव लिपिड-टू. मोकळा हात ती वीट अलीकडेच पकडून ठेवतो, असं 2022 मधल्या संशोधनाने मांडलं. वीट नाही तर भिंत नाही, काम ठप्प. म्हणजे निरोप पलीकडे पाठवायची गरजच पडत नाही, माल अलीकडेच अडवला जातो. इतर जंतूंत हा हात साधारणपणे पेशीबाहेर, तयार भिंतीला धरून असतो. इथं तो घराच्या आत बसून कच्चा माल मोजतो. चाळीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं मी, पण हे वाचून वही बंद करून थोडा वेळ बसून राहिलो होतो.

एक आजोबा विचारतात, "याचा आमच्या वावराशी काय संबंध?" आहे ना! लायसएम हा हात फक्त जंतूंकडेच नाही. सोयाबीनच्या मुळांकडेही त्याच घराण्याचा हात आहे. रायझोबियम मुळाजवळ आला की एक खुणेचा रेणू सोडतो. त्याचा कणा त्याच साखरेच्या तीन ते पाच मण्यांचा. मुळावरची लायसएमवाली प्रथिनं तो ओळखतात, तेव्हाच गाठी धरायला सुरुवात होते. 2003 च्या सुमारास हे पहिल्यांदा कळलं, तेही सोयाबीनच्या एका रानटी भाईबंदात. बॅसिलस त्या हाताने साखर अडवतो, सोयाबीन त्याच हाताने पाहुणा ओळखतं.

पाकिटवाले भाऊ मागून विचारताहेत, "मंग मी आता करू काय?" रायझोबियमचं नवीन पाकीट आणा, माठाजवळच्या गारव्यात ठेवा. बियाण्याला आधी बुरशीनाशक, जिवाणू सगळ्यात शेवटी, आणि बियाणं सावलीत सुकवा. दुसरं पाकीटही आत गारव्यातच ठेवा, पण त्याच्यासाठी झोप उडवू नका. त्याला इंग्रजीत गवताचा जंतू म्हणतात. कुटाराशेजारी तो माहेरीच आहे.