जसं सांगाल तसं

(पडदा काळा. फक्त आवाज: ठक, ठक, ठक.)

बँकॉकच्या एखाद्या गल्लीत दुपारचे बारा वाजत आले, की हा आवाज सुरू होतो. दगडी खलात लसूण आणि मिरची ठेचली जातेय. बारीक वाटायची नाही, नुसती ठेचायची.

(दृश्य: शटर वर. स्टीलची चार टेबलं, प्लॅस्टिकची स्टुलं. पुढच्या बाजूलाच शेगडी आणि कढई.)

अशा दुकानाला थाई लोक ‘आहान ताम सांग’ म्हणतात. आहान म्हणजे आपला आहारच, संस्कृतातून तिकडे गेलेला. ताम सांग म्हणजे सांगितल्याप्रमाणे. इथल्या ‘सांग’चं आपल्या ‘सांग’शी नातं नाही, निव्वळ योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला फार सोयीचा.

कढईपाशी उभ्या असलेल्या बाईंना गिऱ्हाइकं ‘पा’ अशी हाक मारतात. पा म्हणजे आईची किंवा वडिलांची मोठी बहीण, थोडक्यात मावशी किंवा आत्या. नारिंगी जाकीटवाले मोटारसायकल टॅक्सीचे चालक, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली ऑफिसची माणसं, सगळ्यांची ती पा.

भिंतीवर पदार्थांची लांबलचक यादी आहे. ती कोणी वाचताना दिसत नाही. काय खावं ते सुचेना, की थायलंडमध्ये एकच पदार्थ मागवतात: पॅड क्रपाव. त्याला टोपणनावच पडलंय ‘मेनू सिन खित’, म्हणजे डोकं चालेनासं झाल्यावरचं जेवण.

आणि क्रपाव म्हणजे कोण? तुळस. थाई रश्श्यात जी गोडसर वासाची पानं असतात, ती होरफा, आपल्या सब्जाच्या जातीची. ही मात्र खरी तुळस, वृंदावनातली. ती खिम्यावर पडताना बघून मराठी माणूस क्षणभर चपापतो. मग वास येतो, आणि तो पुढे सरकून बसतो.

(दृश्य: कढई अगदी जवळून.)

कढईतून धूर निघायला लागलाय. तेल. त्यात ठेचा. आणि रस्त्यापलीकडच्या माणसालाही ठसका. ही मिरची मुळात अमेरिका खंडातली, युरोपीय जहाजांबरोबर आशियात आलेली. आज तिच्याशिवाय हे स्वयंपाकघर उभंच राहणार नाही. आता खिमा, कोंबडीचा किंवा डुकराचा. फिश सॉस, ऑयस्टर सॉस, चिमूटभर साखर. उलथण्याची खडखड. शेवटी मूठभर तुळस, दोनदा परतली, की आच बंद. पानं मलूल झाली पाहिजेत, शिजता कामा नयेत. या पदार्थात चवळीच्या लांब शेंगा घालाव्यात की नाही, यावर थायलंडमध्ये कडाक्याची भांडणं होतात. आमचं मत विचाराल तर नकोत. पण पा घालते, आणि कढई तिची आहे.

वर अंडं. त्याचं नाव ‘खाय दाव’, तारा-अंडं. भरपूर तेलात सोडलेलं, कडेला तपकिरी कुरकुरीत जाळी, मध्ये थरथरणारा पिवळा बलक.

प्रश्न एवढाच येतो: थम्मदा की फिसेत? थम्मदा म्हणजे साधं, पालीतल्या धम्मताचं लेकरू. फिसेत म्हणजे विशेष. विशेष म्हणजे काय, तर तेच, फक्त जास्त वाढलेलं.

एका ताटलीचे साधारण 50 ते 70 बाहत, अंड्याचे बहुधा 10 वेगळे. हे परवडतं कसं? एक कढई, एक माणूस, आणि दहा-बारा जिन्नसांची उलटापालट. बऱ्याचदा घर वरच्या मजल्यावर, दुकान खाली. बर्फ-पाणी आपलं आपण घ्यायचं, कित्येक ठिकाणी चिठ्ठीही आपणच लिहायची. आणि स्वयंपाकाचा शेवटचा भागही आपणच करायचा.

(दृश्य: टेबलावरचा चार बरण्यांचा स्टँड.)

फिश सॉसमध्ये कापलेली मिरची. व्हिनेगरमध्ये मिरचीच्या चकत्या. भाजलेल्या मिरचीची भरड. आणि साखर. खारट, आंबट, तिखट, गोड. पलीकडच्या टेबलावरचे काका नूडल्सच्या सुपात आधी चमचाभर साखर घालतात, मग व्हिनेगर, मग भरड. चव घेतात, पुन्हा थोडं व्हिनेगर. दुसऱ्याच्या हातच्या अन्नात आपण मीठ घातलं, तर तो रुसेल असं आपल्याला वाटतं. इथे तसं नाही. कढईतून जे येतं ते तीन-चतुर्थांश झालेलं असतं, हे दोघांनाही माहीत असतं.

काकांच्या हातात चॉपस्टिक आहेत, कारण समोर नूडल्स आहेत. भाताला त्या नकोत. उजव्या हातात चमचा, डाव्या हातात काटा; काट्याने ढकलायचं, चमच्याने खायचं. सुरी नाहीच. कापाकापी आत उरकलेली असते.

पॅड थाई, म्हणजे परतलेल्या नूडल्स, बहुधा इथे मिळणार नाही, त्याची गाडी वेगळी. 1938 ते 1944 या काळात फिबुनसोंगक्राम पंतप्रधान होते, तेव्हा सरकारने नूडल्स खाण्याचा प्रचार केला आणि तो पदार्थ देशभर पसरला. सयामचं थायलंड झालं तेही त्याच राजवटीत, 1939 साली.

शाकाहारी असाल, तर जरा जपून. ‘मांगसविरात’ म्हणा; मांस आणि विरती, दोन्ही शब्द ओळखीचे. पण भाज्यांवरही सवयीने फिश सॉस पडतो. त्यापेक्षा पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेलं दुकान शोधा. तिथे मांस-मासळी नाही, अंडं नाही, आणि कांदा-लसूणही नाही.

(दृश्य: रिकामी ताटली. तुळशीचं एक पान कडेला चिकटलेलं.)

‘पा, केप तांग!’ पैसे घ्या, अशी हाक. पा मान न वळवता आकडा सांगते. काय खाल्लं, अंडं होतं की नव्हतं, सगळं तिच्या डोक्यात. कढईत डावभर पाणी पडतं, चर्र होतं, ब्रश फिरतो, पाणी बाहेर.

ठक, ठक, ठक.